मुक्या घंटेचा शनिवार

"येतील गं. घंटा झाली की येतीलच," सिस्टर बेनिता म्हणाल्या आणि पुन्हा वेदीच्या पायऱ्या पुसायला लागल्या.

चर्चच्या दारातून मैदान दिसत होतं, मैदानापलीकडे आमची कौलारू शाळा आणि शाळेमागे केळीच्या वाड्या. वाड्यांमधून फुलं आणायला बायांबरोबर गेलेली मुलं केव्हाच परत आली होती. मोगऱ्याच्या आणि चाफ्याच्या टोपल्या बाकांवर टाकून ती आता मैदानात हुंदडत होती. खाडीवर गेलेल्या तिघींचा तेवढा पत्ता नव्हता.

मला काळजी करायला कारण लागत नाही. आमच्या घरी म्हणायचे, फिलूला एखादं खरं कारण मिळालं तर ती उलट शांत होईल. म्हणून मी स्वतःलाच दटावलं आणि मेणबत्त्यांच्या दांड्या घासायला घेतल्या. पण हात दांडीवर आणि डोळे दारावर.

वसईच्या उत्तरेला, खाडीच्या अंगाला आमचं कोपरभाट. गावात चर्च आणि चर्चच्या आवारात चौथीपर्यंतची मराठी शाळा. मी तिथे नवीनच टीचर म्हणून लागले होते. सिस्टर बेनिता हेडमिस्ट्रेस. त्यांचा शनिवारी वर्गात बसण्यावर विश्वास नव्हता. "पुस्तकातला खेकडा चावत नाही. तो काय शिकवणार?" असं म्हणून त्या सगळ्या शाळेला बाहेर काढायच्या. एक गट वाडीत, एक तळ्यावर, एक खाडीवर. पालक आधी कुरकुरले, मग पोरं घरी येऊन तिवरांची मुळं श्वास कशी घेतात ते आजोबांना समजावू लागली, तेव्हा गप्प झाले.

या बाहेरच्या शाळेचा नियम एकच होता, तो म्हणजे बाराची घंटा. चर्चची घंटा दिवसातून तीनदा व्हायची, देवदूताच्या प्रार्थनेची. तीन ठोके, मग थांबा, पुन्हा तीन, पुन्हा थांबा, पुन्हा तीन, आणि शेवटी सलग. ती ऐकली की वाडीत पाणी सोडणारा माणूस कुदळ टेकवून उभा राहायचा, चुलीपुढची बाई पदर डोक्यावर घ्यायची. दुपारची घंटा ऐकून मुलांनी प्रार्थना करायची आणि शाळेकडे निघायचं. त्याआधी जागा सोडायची नाही. एका वर्षी दोन मुलं आधीच निघाली, जवळच्या वाटेने म्हणून तिवरांत शिरली आणि सगळं गाव कंदील घेऊन फिरलं. तेव्हापासून सिस्टर दर शनिवारी मुलांना तेच वाक्य सांगायच्या, "घंटा झाली की या, घंटेआधी हलायचं नाही."

त्या दिवशी खरं तर शाळा नव्हती. दुसऱ्या दिवशी ईस्टर, म्हणून अर्धं गाव चर्चमध्ये राबत होतं. वेदीच्या बाजूला येशूच्या कबरेची गुहा करायची होती. गुहेपुढे अंथरायला शिंपल्या हव्या होत्या आणि त्या मिळायच्या खाडीतल्या बेटावर. बेट म्हणजे काय, तिवरांपलीकडचा एक उंचवटा. मध्ये एक ओहोळ, ओहोटीला घोट्याएवढा. चौथीतली व्हेरोनिका लोपीस तिथे ओहोटीच्या शनिवारी कितीतरी वेळा गेली होती. तिच्याबरोबर जसिंता आणि दुसरीतली छोटी मोनिका. नेहमी गटाबरोबर जाणाऱ्या टीचर घरी तापाने पडल्या होत्या. "व्हेरोनिका आहे ना," सिस्टर म्हणाल्या. व्हेरोनिका तशीच होती. तिला उभं राहा म्हटलं तर ती बस म्हणेपर्यंत उभी राहिली असती.

"सिस्टर," मी पुन्हा म्हटलं, "बारा वाजले नसतील का?"

"घंटा कुठे झालीय अजून?"

मी मनगट पाहिलं. बारा वाजून गेले होते.

"माझ्या घड्याळात तर वाजून गेले."

"तुझं घड्याळ," सिस्टर हसल्या. "ते कधी बरोबर असतं?"

हेही खरंच होतं. माझं घड्याळ दिवसाला पाच मिनिटं पुढे पळायचं. मी ते रोज दुपारच्या घंटेवर लावून घ्यायचे. "दोन दिवस लावलंच नाही मी," असं म्हणत मी चावीला हात घातला.

आणि तिथेच थांबले. दोन दिवस का लावलं नव्हतं?

कारण दोन दिवस घंटाच झाली नव्हती.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साच्या उपासनेत घंटा शेवटची वाजते. मग ती मुकी होते. प्रभू क्रुसावर जातो, कबरेत ठेवला जातो, तोवर चर्चमध्ये फक्त लाकडी खटखटं वाजवायचं. शनिवारी रात्री तो उठला की घंटा पुन्हा बोलते. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या सकाळी सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, घंटा झाली की या. मी ऐकलं, बायांनी ऐकलं, मुलांनी एका सुरात "हो सिस्टर" म्हटलं. जिभेला सवयीचं वाक्य होतं ते, कानालाही सवयीचं. कुणाच्या डोक्यात काही वाजलं नाही.

"सिस्टर, आज घंटा होणार नाही."

सिस्टरांचा हात पायरीवर तसाच राहिला. पुसायचं फडकं त्यांनी छातीशी धरलं. त्यातलं पाणी त्यांच्या पांढऱ्या झग्यावरून खाली गळत होतं, पण त्यांना ते कळत नव्हतं.

गुहेचे बांबू बांधणारा कैतान शिडीवरून उतरला. "कुठं हायत पोरी? बेटावर?"

"बेटावर," मी म्हटलं.

"अगो टीचर, काल परवाच पुनव झाली. एक वाजता भरती हाय, उधाणाची. बेट पाण्याखाली जातं उधाणाला!"

एवढं तर मलाही कळायला हवं होतं. ईस्टर नेहमी पौर्णिमेच्या पाठीवरच येतो. मागच्या शनिवारी त्या वेळी ओहोटी होती, बेट कोरडं आणि ओहोळ नावापुरता. या शनिवारी तो ओहोळ आधी भरणार होता. बेटावर शिंपल्या वेचत बसलेल्या पोरींच्या पाठीमागे, तिवरांच्या आड. त्यांना दिसणारही नव्हता.

कैतानने बांबू टाकला आणि तो पळाला. वाडीपर्यंत सायकल, पुढे बांधावरून पायी. कितीही जिवाच्या आकांताने गेला तरी अर्धा तास. तोवर ओहोळातून माणूस जाईल की नाही, कुणी सांगावं? हाक तर बांधापर्यंतसुद्धा पोचली नसती. बेटापर्यंत क्षणात पोचणारी गोष्ट आमच्याकडे एकच होती आणि ती मुकी होती.

"फादरना सांग," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "जा, फिलू. माझे पाय उठत नाहीत."

फादर इनोसंट रुमाव यांना सगळं गाव टरकून असायचं. मिस्सात कुणी खोकलं तरी ते प्रवचन थांबवून बघायचे. गुरुवारी घंटेचा दोर त्यांनी स्वतः माळ्यावर ओढून घेऊन बांधून ठेवला होता, पोरांनी चुकूनही हात लावू नये म्हणून. आणि आता ते कन्फेशनच्या पेटीत लोकांची पापं ऐकायला बसले होते. पेटीबाहेर ही लांब रांग. पेटीच्या जाळीला तोंड लावून दुमिंग आजोबा बसलेले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे आपली पापं ते ठणठणीत आवाजात सांगायचे आणि रांगेतली माणसं छताकडे बघत उभी राहायची.

कन्फेशन चालू असताना पेटीजवळ जाणं हेच मोठं पाप. मी गेले आणि फादरांच्या बाजूचा पडदा सरकवला.

"बाहेर!" फादर ओरडले.

"फादर, घंटा वाजवा."

"काय?"

"बाराची घंटा. खाडीच्या बेटावर पोरी आहेत, तिघी. घंटा झाल्याशिवाय त्या हलणार नाहीत आणि भरती येतेय."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मला चर्चबाहेर काढतील. "आज?" ते म्हणाले. "आज शनिवार आहे, टीचर."

"हो, फादर."

"कुणाला तरी पाठवा."

"कैतान पळालाय."

"मग पोचेल तो."

"पाणी आधी पोचेल, फादर."

पलीकडून दुमिंग आजोबा ओरडले, "फादर, मग माझ्या पापाचं काय?"

"थांब रे बाबा!" फादर म्हणाले. त्यांनी गळ्यातला जांभळा पट्टा काढला, त्याचं चुंबन घेतलं, त्याची व्यवस्थित घडी घातली. ती घडी घालताना मला त्यांच्या हातातून तो पट्टा हिसकावून घ्यावासा वाटला. मग ते उठले आणि झगा वर धरून माळ्याच्या जिन्याकडे पळत सुटले. फादर रुमाव पळताना गावाने त्याआधी कधी पाहिले नव्हते. रांगेतली एक म्हातारी क्रुसाची खूण करत बाजूला झाली.

दोर त्यांनी कठड्याला बांधला होता आणि बांधला होता तो त्यांच्या स्वभावाप्रमाणे, गाठीवर गाठ. नखाने सुटेना. त्यांनी ती गाठ दातात धरली. मी दुसरी सोडवत होते. घाईत सुटलेली गाठ मीच पुन्हा आवळली.

"हळू, टीचर, हळू," फादर म्हणाले आणि दोर सुटला.

त्यांनी दोन्ही हातांनी तो खेचला. घंटा दणाणली. पुन्हा खेचला, पुन्हा, पुन्हा, मध्ये श्वास न घेता. डोक्यावर नुसता गलका उठला.

"तसं नको!" मी किंचाळले. "फादर, तसं नको! ती आगीची घंटा झाली. पोरी घाबरतील, पण हलणार नाहीत. त्यांना बाराची घंटा सांगितलीय."

फादरांनी दोर आवरला. घंटेचा गुंजारव ओसरायची वाट बघावी लागली. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"म्हणजे सावकाश?"

"सावकाश. मधल्या प्रार्थनांसकट. नाहीतर त्यांना ओळखू येणार नाही."

मग फादर रुमावांनी बाराची घंटा वाजवली. एक. दोन. तीन. आणि थांबले. दोर हातात धरून ते प्रार्थना म्हणू लागले आणि मी उत्तर देऊ लागले. नमो मरिया मी जन्मापासून म्हणत आले होते, पण ती एवढी लांब आहे हे मला माहीत नव्हतं. एकेक शब्द संपता संपत नव्हता. मनात एकच चाललं होतं, पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला. फादरांचे ओठ पांढरे पडले होते, पण त्यांनी एक शब्दही गाळला नाही. पुन्हा तीन. पुन्हा थांबा.

माळ्याच्या खिडकीतून गाव दिसत होतं. वाड्या, त्यांच्यापुढे बांध आणि बांधापलीकडे चकाकणारं पाणी. बेट तिवरांमागे होतं, ते दिसत नव्हतं. खाली रस्त्यावर माणसं घराबाहेर आली होती आणि मनोऱ्याकडे बघत होती. शनिवारी घंटा? समोरच्या घराच्या अंगणात व्हेरोनिकाची आई रेमीबाय आली. हाताला तांदळाचं पीठ, ईस्टरचं काहीतरी करत असणार. तिने वर बघितलं, बुचकळ्यात पडली. मग तिने पिठाच्या हातानेच पदर डोक्यावर घेतला, क्रुसाची खूण केली आणि मान खाली घालून उभी राहिली. घंटा झाली की उभं राहायचं, एवढंच तिला ठाऊक. का झाली हे तिने कुणाला विचारलं नाही.

मला तिच्याकडे बघवेना.

शेवटचे सलग ठोके संपले तेव्हा मी जिन्याच्या तळाशी होते. फादर माझ्या मागे. सिस्टर दारात उभ्या होत्या, ओल्या झग्यात. आम्ही मैदान ओलांडून धावायला लागलो.

"टीचर, काय झालं गो? आज घंटा कशी?" रेमीबायने अंगणातून विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे, मग झगा गुडघ्यापर्यंत वर धरलेल्या फादरांकडे.

"माझी व्हेरोनी," ती म्हणाली आणि आमच्या पुढे पळाली.

बांधावरून पळताना मी देवाला नको नको ती वचनं दिली. सगळी पाळायची म्हटली असती तर मी आज मठात असते. दोन्ही बाजूंना पाणी चढत होतं. सकाळी जिथे चिखल असतो, खेकड्यांची बिळं असतात, तिथे आता नुसतं तपकिरी पाणी हलत होतं. सिस्टर एका ठिकाणी घसरून पडल्या. मी थांबले तर मला म्हणाल्या, "पुढे हो, पुढे हो!"

तिवरांच्या वळणावर रेमीबायची किंकाळी ऐकू आली आणि मी जागीच थांबले. फादरांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं.

ओहोळ आता ओहोळ राहिला नव्हता. छातीएवढ्या पाण्यात कैतान उभा होता, मोनिका त्याच्या मानेवर, तिच्या दोन्ही मुठींत त्याचे केस. त्याच्या एका हाताला जसिंता आणि जसिंताच्या फ्रॉकला मागून घट्ट धरलेली व्हेरोनिका. पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. रेमीबाय लुगड्यासकट पाण्यात शिरली होती. तिने हात लांबवला, तो पोचला, आणि मग सगळ्यांनी मिळून एकेकीला वर ओढून घेतलं. तिवरांच्या फटीतून बेटाची जागा दिसत होती. तिथे फक्त गवताची टोकं वर होती.

"मी आलो तवा त्या निम्म्यात आल्या होत्या," कैतान धापा टाकत म्हणाला. "पलीकडच्या काठाला असत्या तर नाय, टीचर. मधली ओढ मला नाय कापता आली असती. त्या निघाल्या म्हणून झालं."

रेमीबायने व्हेरोनिकाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला असं कवटाळलं की पोरीला श्वास घेता येईना. माझ्या तोंडून सुटका झाल्याचं रडणं बाहेर पडण्याऐवजी टीचरपणाच बाहेर पडला.

"घंटा ऐकल्याबरोबर का नाही निघालात? पहिल्या ठोक्यालाच निघायचं नाही?"

व्हेरोनिका गोंधळली. तिचे दात वाजत होते. "टीचर, आधी प्रार्थना करायची असते ना?"

"तुम्ही प्रार्थना केलीत?"

"हो, टीचर."

"सगळी?"

"हो. मोनिकाने मध्येच डोळे उघडले. ती म्हणाली, पाणी आलं. मी म्हटलं, आधी पूर्ण कर."

मी बांधावरच बसले. आम्ही माळ्यावर ज्या प्रार्थनेचा एकेक शब्द मोजत होतो, तीच प्रार्थना त्या तिघी चढत्या पाण्यात उभ्या राहून, डोळे मिटून, आमच्याबरोबर म्हणत होत्या.

सिस्टर लंगडत पोचल्या. गुडघा फुटला होता. त्यांनी तिघींच्या डोक्यांवरून हात फिरवला. त्यांना बघून व्हेरोनिकाला वाटलं, आता बोलणी बसणार.

"सिस्टर, आम्ही घंटेआधी नाही हललो," ती घाईघाईने म्हणाली. "ही जसिंता म्हणत होती की आज घंटा होणार नाही, येशू कबरेत आहे, चला जाऊ. पण मी म्हटलं, सिस्टर म्हणाल्यात म्हणजे होणार."

सिस्टर बेनितांनी तोंड फिरवलं आणि त्या खाडीकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्यानंतरही त्या कितीतरी वर्षं मुलांना बाहेर नेत राहिल्या, पण स्वतः बरोबर गेल्याशिवाय कधी नाही.

मग जसिंताने फादरांना पाहिलं आणि ती व्हेरोनिकाच्या मागे लपली. फादर रुमावांचा झगा चिखलाने भरला होता, दोराने तळहात सोलले होते. ते पुढे आले. व्हेरोनिका आईच्या मिठीतून बाहेर आली आणि सरळ उभी राहिली, वर्गात राहायची तशी. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि फादरांना विचारायची भीतीही वाटत होती.

"फादर," ती म्हणाली, "घंटा झाली. म्हणजे येशू उठला?"

मी फादरांकडे बघत होते. घंटा रात्रीच्या आधी वाजू नये म्हणून दोराला गाठीवर गाठ मारणारा हा माणूस. आता हिला सगळं समजावून सांगणार, उपास, कबर, रात्रीचा मिस्सा. फादर चिखलात गुडघ्यांवर बसले. त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"उठला," ते म्हणाले. "पण रात्रीपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

व्हेरोनिकाने गंभीरपणे मान हलवली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. तिने मागे वळून रेमीबायकडे पाहिलं. पीठ आणि चिखल एक झालेल्या हातांनी ती पोरीचे ओले केस पुन्हा पुन्हा पिळत होती, जणू तेवढंच काम उरलं होतं.

"आईलाही नाही?"

फादरांनी रेमीबायकडे बघितलं.

"तिला कळलंय," ते म्हणाले.